त्या गोष्टीत बाभळीचा थांबा कुठून आला?

सरका गं पोरींनो, अशा जवळ बसा. आणि आधी थोडं रागावून घेते, मग सांगते. या सदरात तुम्ही काय काय लिहिता ते मी सगळं वाचते. घाटातली पांढऱ्या साडीतली बाई, बंद खोलीत वाजणारी पैंजणं, विहिरीतून हाका... आणि खाली तुमच्या कॉमेंट – ‘बापरे’, ‘काटा आला’, ‘अजून टाका’. भूत दिसलं की गावभर सांगता. पण स्वतःच्या डोक्यात सकाळपासून काय घोळतंय, ते सख्ख्या आईलाही सांगत नाही. असं कसं गं चालेल? मी तेच केलं, म्हणून बोलते. तीस वर्षं केलं.

एक सांगून ठेवते – मी असल्या गोष्टींवर कधी विश्वास ठेवला नाही. ठेवायची सोयच नव्हती. आमचं घर बौद्धांचं. सासरे – त्यांना आम्ही मामाजी म्हणायचो – इतके कडक, की आमच्या दारात कोणी लिंबू-मिरची बांधली, तर मामाजी मिरच्या ठेच्याला देत आणि लिंबाचं सरबत करून पीत. भगत, अंगारा, उतारा, काही म्हणजे काही नाही. मीही तशीच झाले. आजही तशीच आहे. पण ही एक गोष्ट काही केल्या माझ्या हिशेबात बसत नाही, म्हणून लिहिते.

ठिकाण सांगते. वाशीम जिल्हा, मालेगाव तालुका, मेडशी. आमच्या वस्तीत विहार आहे – विटांची एक खोली, पुढं टिनाचा मांडव. खोलीत एक लोखंडी कपाट, त्यात पुस्तकं. मी यमुना. वय सत्तरीला टेकलं. शाळा दुसरीपर्यंत. पुढचं वाचन एसटीच्या पाट्या आणि किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून माझं मीच शिकले. त्यामुळं शुद्धलेखन बघू नका, मजकूर बघा.

आता आधी माझा आजार सांगावा लागेल, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही.

माझा मुलगा दीड वर्षाचा होता. तुरीवर अळी पडली होती. माझ्या घरच्यांनी – म्हणजे नवऱ्यानं – फवारणीचं औषध मोजायला घाईत स्वयंपाकातली वाटी नेली, मग धुऊन परत फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याच वाटीनं मी पीठ मोजलं, भाकरी केल्या, सगळे जेवले. संध्याकाळी ते सहज बोलून गेले, ‘अवं, ते वाटी काल फवारणीले नेली होती बरं.’ कोणाला काही झालं नाही. साधी मळमळही नाही. वाटी मी उकिरड्यात पुरली. विषय संपला... इतरांसाठी.

माझ्या डोक्यात तिथून एक वाक्य येऊन बसलं – पिठात औषध पडलं असेल तर? काही दिवसांनी त्याच्या मागं दुसरं आलं, पहिल्यापेक्षा वाईट – आणि ते तूच टाकलं असशील तर? मी नाही टाकलं हे मला माहीत होतं. पण ते वाक्य ऐकेना. मग मी पीठ पुन्हा पुन्हा चाळायला लागले. पीठ मळायचं कोपर – आमच्याकडं परातीला कोपर म्हणतात – तीन-तीनदा धुवायला लागले. पहिली भाकर तव्यावरून उतरली की मी एकटी खायची आणि उंबऱ्यावर जाऊन बसायची. काही होतं का बघायला. आणि बसल्या बसल्या मनातल्या मनात एसटीत चढायची. हसा, हसा! मेडशीहून निघायची – मालेगाव, शिरपूर, मग बाभळीचा थांबा, मग रिसोड. रिसोड माझं माहेर. तिथून परत त्याच थांब्यांनी मेडशी. एसटी परत येईपर्यंत माझं पोट ठीक असेल, तरच बाकीच्यांना वाढायचं.

हा बाभळीचा थांबा एसटीच्या कुठल्याही पाटीवर सापडणार नाही. रिसोडच्या अलीकडं माझ्या बाचं शेत होतं. थांबा नव्हताच, पण रस्त्याला एक बाभूळ होती. ड्रायव्हर ओळखीचा, तो बाला तिथं उतरवायचा. आमच्या घरातल्या पाच माणसांनी त्याला ठेवलेलं नाव ते. माझं लग्न व्हायच्या आधीच बाभूळ तोडली.

घरात एवढंच सगळ्यांना माहीत, की यमुनाची भाकर उशिरा मिळते. घरचे म्हणायचे, ‘थकली असशील.’ शेजारी एका बाईचं असंच काहीतरी बिघडलं, तर तिच्या घरच्यांनी सांगितलं, बाधा झाली. मला तिचा हेवा वाटला, खरं सांगते! तिला निदान भूत तरी मिळालं. आमच्या घरात भूत चालत नव्हतं आणि डॉक्टरकडं न्यावं असा ताप-खोकला काही मला नव्हता. मग माझ्याजवळ जे होतं, त्याला म्हणायचं काय? मी गप्प राहिले.

त्या एसटीच्या जोरावर सगळ्या घराला जेवू घातलं. पण नात झाली – तनू – आणि माझा सगळा जोर गेला. एवढंसं तोंड तिचं. त्यात माझ्या हातानं घास घालायचा म्हटलं की हात थंड पडायचे. तिच्यासाठी एसटी चार-चार फेऱ्या करायची, तरी मला भरवसा येईना. मी तिला भरवायचंच सोडलं. भूक लागली की ती माझ्याकडं यायची, आणि मी तिला आईकडं ढकलायची. तीन वर्षांची झाली, पण आजीच्या हातचा एक घास तिनं खाल्ला नाही.

सून प्रज्ञा. शिकलेली, सरळ तोंडावर बोलणारी. तिनं किती दिवस सोसावं? एका सकाळी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

‘आत्याबाई, माह्या पोरीचं तुमाले एवढं वावडं काहून?’

‘वावडं कायचं वं?’

‘मंग भरवत काहून नाई? शेजारच्या पोट्ट्याले बिस्कुट देता. माही पोरगी आली की तोंड फिरवता. पोरगी झाली म्हनूनच ना?’

बिस्किटाचा पुडा बंद असतो गं, हे मी तिला कसं सांगणार? मी म्हणाले, ‘तसं नाई.’

‘तसं नाई तं कसं हाय, ते सांगा!’

 ‘मला भीती वाटते, मी तुझ्या मुलीला विष घालीन’ – हे वाक्य कोणती सासू सुनेसमोर बोलेल? मी कोपर धुवायला घेतलं. ती म्हणाली, ‘पौर्णिमेले बाबा नेयाले येतात. मंग मी काई लवकर येत नाई, सांगून ठेवते. माह्या लेकराले जिथं मया आहे, तिथं मी राहीन.’ पौर्णिमेला आठ दिवस होते.

आता मुद्द्याची गोष्ट.

वर्षावास चालू होता. पावसाळ्याचे तीन महिने आमच्याकडं विहारात ग्रंथवाचन असतं. एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. रविवारी दुपारी बायांचं वाचन, आणि त्या रविवारी पाळी माझी. माझं वाचन कसं, तर बोट ठेवून. अक्षर तोंडातून आधी निघतं आणि अर्थ मागून चालत येतो.

कपाटाचा कारभार वानखडे गुरुजींकडं. निवृत्त माणूस, वेळ भरपूर. पोरं पुस्तकांची कव्हरं फाडतात म्हणून त्यांनी एकूण एक पुस्तकाला खाकी कागद चढवून वर नंबर टाकलेले. पण त्या वर्षी कपाटाला ओल आली आणि नंबर पुसटले. ग्रंथ ओळखायचा तो त्यात घातलेल्या वर्तमानपत्राच्या पट्टीवरून – मागच्या वेळी जिथं थांबलं, तिथं पट्टी. मी कपाट उघडलं, पट्टी असलेलं जाड खाकी पुस्तक काढलं, वंदना झाली, पट्टीचं पान उघडलं आणि सुरू केलं.

चार-पाच ओळी झाल्या असतील. पुढं बसलेली एक म्हातारी बाजूचीला म्हणाली, ‘आज काई येगळंच हाय वं?’

‘बाई कोन हाय हे? कोपर काहून धुते?’

मी वाचतेच आहे. एक बाई आहे. ती कोपर धुते. एकदा धुते, दोनदा धुते, तिसऱ्यांदा धुते. पीठ चाळते, चाळलेलं पुन्हा चाळते... तोपर्यंत अर्थ मागून चालत आला, आणि मी ओळखलं, हे तर माझंच चाललंय.

गुरुजी मांडवात चपला नीट लावत होते. त्यांना ऐकू गेलं, ते धावत आले. ‘अवो यमुनाबाई! थांबा, थांबा! हा ग्रंथ नोहे, हे कथेचं पुस्तक हाय!’

म्हातारी त्यांच्यावरच उसळली. ‘गुरुजी, बसा बरं खाली. त्या बाईचं काय होते ते आयकू द्या.’

बाकीच्या म्हणाल्या, ‘हाव, वाचा वाचा.’

थांबावं तर सगळ्या विचारतील, का थांबलीस. मी वाचत राहिले. ती बाई पहिली भाकर स्वतः खाते. उंबऱ्यावर बसते. आणि मनातल्या मनात माहेरच्या एसटीत चढते... इथं पुस्तकात गावांची नावं नव्हती. ‘एकेक गाव मागं टाकत’ असं लिहिलं होतं. मला जरा हायसं वाटलं. म्हटलं, असेल बाई दुसरी कोणी. पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. लिहिलं होतं – मग बाभळीचा थांबा, जिथं थांबा नव्हताच, पण ड्रायव्हर तिच्या बापासाठी गाडी थांबवायचा. बाभळीच्या बुंध्याला बैलाची नाल ठोकलेली होती.

ती नाल माझ्या बानं ठोकली होती. पाऊस-धुक्यात ड्रायव्हरला झाड दिसावं, म्हणून. मी आठ-नऊ वर्षांची होते, खिळे माझ्या हातात होते. ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नव्हती. खरं म्हणजे मी स्वतःही विसरले होते... पुस्तकानं मला आठवण करून दिली.

माझा आवाज बंद पडला. बोट ओळीवर, तोंड उघडं, आणि शब्द येईना. सगळ्या बघताहेत. कोणी म्हणालं, पाणी द्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून प्रज्ञा उठली. तनूला तिथंच बसवून पुढं आली, माझ्या हातातून पुस्तक घेतलं, आणि माझं बोट जिथं होतं तिथून पुढं खणखणीत वाचायला लागली.

तर पुढचं मी माझ्या सुनेच्या तोंडून ऐकलं. त्या बाईला तिचा भाऊ डॉक्टरकडं नेतो. डॉक्टर सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो – बाई, हे तुमच्या मनातलं पाप नाही, हा आजार आहे. याला नाव आहे – मंत्रचळ. ज्याला लेकरांची काळजी जास्त, त्याला हा त्या काळजीतच पकडतो. विष घालणारा माणूस पहिली भाकर स्वतः खात नाही.

गोष्ट तिथंच संपते. बरी झाली की नाही, सांगितलेलं नाही. प्रज्ञानं पुस्तक मिटलं. मग ती म्हातारी पदरानं डोळे पुसत म्हणाली, ‘गुरुजी, तुमच्या ग्रंथापरीस आज बरं झालं.’ गुरुजी गोरेमोरे झाले.

घरी आल्यावर मी चुलीपाशी बसले. प्रज्ञा मागून आली, माझ्या शेजारी जमिनीवर बसली.

‘आत्याबाई, एक इचारू? खरं सांगजा.’

‘इचार.’

‘ते बाई तुमीच हाय ना?’

‘म्या काय पुस्तक लिवलं का वं?’

‘लिवलं नसन. पन जेवाच्या आंधी तुमी उंबऱ्यावर बसता अन् ओठ हालते तुमचे. मले वाटे, तुमी मले शिव्या देता.’

मला रडू यायच्या ऐवजी हसूच फुटलं. ‘शिव्या नोहे वं... एसटी हाय ते.’

‘एसटी?’

‘रिसोडले जाते अन् येते.’

ती माझ्याजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, ‘तनूले म्हनूनच भरवत नाई?’

‘भेव लागते.’

‘तिचं?’

‘तिचं नाई वं. माह्या हाताचं.’

तीस वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडलं. छत पडलं नाही की सून ओरडली नाही. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि आम्ही दोघी भरपूर रडलो. भाजी करपली त्या नादात.

पौर्णिमेला तिचे वडील पिशवी घेऊन आले. प्रज्ञा त्यांना म्हणाली, ‘बाबा, चहा घ्या अन् मुक्काम करा. घर सांभाळा. मले अन् आत्याबाईले उद्या अकोल्याले जायचं हाय.’

अकोल्याला मनाच्या आजाराच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी विचारलं, ‘कधीपासून होतंय?’ मी म्हटलं, ‘पोरगं दीड वर्षाचं होतं. आता त्याला टक्कल पडलं.’ त्या हसल्या नाहीत, सगळं लिहून घेतलं. एसटीचं ऐकून मात्र मान वर केली. त्यांनीही तेच नाव सांगितलं, मंत्रचळ. दवाखान्याच्या भाषेत ओसीडी. गोळ्या दिल्या आणि एक अभ्यास दिला. एसटी एकदम बंद नाही करायची, एकेक थांबा कमी करायचा. पोट डचमळलं तरी चालेल, घाबरल्यासारखं झालं तरी चालेल, पण पुढचा थांबा घ्यायचा नाही.

सांगायला सोपं आहे. करून बघा! आधी मी रिसोडला जाणं बंद केलं, बाभळीवरूनच परत. महिनाभरानं शिरपूरहून. शिरपूर ते मालेगाव हा टप्पा तर मला दोन महिने सुटेना. रोज वाटायचं, आज सगळं घर मरतं. कोणी मेलं नाही. एके दिवशी एसटी मेडशीच्या फाट्यावरून हललीच नाही, आणि मी ताटं वाढली.

मग तनू. वरणात भाकर कुस्करली. प्रज्ञा समोर बसली होती. मी तिला विचारलं, ‘बराबर हाय ना वं? काई नसन ना त्याच्यात?’ डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं, की अशा वेळी धीर द्यायचा नाही, त्यानं आजार पोसला जातो. तिनं ओठ घट्ट मिटले आणि भिंतीकडं बघत राहिली. मी घास तनूच्या तोंडात घातला. तिनं चावला... आणि तिला जोराचा ठसका लागला.

त्या क्षणात माझं काय झालं, ते मी लिहू शकत नाही. मी ताट मागं ओढलं. प्रज्ञा जागची हलली नाही, पण तिच्या मुठी आवळलेल्या मला दिसल्या. तनूनं डोळे पुसले आणि म्हणाली, ‘आजी, लय तिखट हाय वं!’ आणि पुन्हा तोंड उघडलं. दुसऱ्या घासासाठी.

याला पाच-सहा वर्षं झाली. ते वाक्य अजूनही येतं, नाही कशाला म्हणू. येतं, जरा बसतं, कोणी विचारत नाही म्हटल्यावर निघून जातं.

आता पुस्तकाचं. मी काय गप्प बसणारी आहे? सगळं शोधलं. पट्टी कोणी घातली? गुरुजी शपथेवर सांगतात, त्यांनी एकच पट्टी घातली होती, आणि ती ग्रंथातच होती – आणि खरंच होती, मी बघितली. वाचनालयाच्या वहीत पुस्तकाची नोंद आहे, पण ‘कोणी दिलं’ या रकान्यात काही नाही. पुस्तक छापल्याचं साल माझ्या लग्नाच्या आधीचं. म्हणजे तेव्हा मी मेडशी पाहिलीही नव्हती, पोरगं नव्हतं, वाटी नव्हती, आजार नव्हता. लेखिकेचं नाव आहे, पण ते इथं देत नाही, कारण त्या नावाची बाई मुलाला मोबाईलवर कुठंही सापडली नाही. तो नागपूरला गेला तेव्हा छापणाऱ्याच्या पत्त्यावरही जाऊन आला. तिथं आता चष्म्यांचं दुकान आहे. भावाला फोन केला, ‘दादा, बाभळीच्या नालेचं तू कोणाला सांगतलं होतं काय?’ तर तो म्हणतो, ‘कोनती नाल?’

डॉक्टरीणबाईंना पुस्तकच नेऊन दाखवलं. त्यांनी गोष्ट तिथंच वाचली. म्हणाल्या, ‘यमुनाबाई, हा आजार बऱ्याच जणांना सारख्याच तऱ्हेनं होतो. पीठ चाळणं, पहिला घास स्वतः खाणं... लेखिकेनं अशी एखादी बाई बघितली असेल.’ मला पटलं. उलट बरं वाटलं. म्हणजे माझ्याही आधी कोणीतरी अशीच उंबऱ्यावर बसली होती, आणि कोणाला तरी ती लिहावीशी वाटली. ती गोष्ट नसती तर माझ्या सुनेनं मला दुष्ट समजून घर सोडलं असतं, आणि मीही स्वतःला तशीच समजत मेले असते. मग मी विचारलं, ‘आणि नाल?’ डॉक्टरीणबाईंनी ते पान पुन्हा वाचलं. चष्मा काढला, पुसला. ‘ते मला नाही सांगता येणार,’ म्हणाल्या.

मलाही नाही सांगता येत. ते भूत नाही, चमत्कार नाही, हे मी आजही ठामपणे म्हणते. मामाजी असते तर म्हणाले असते, ‘शोध, कारण सापडंन.’ शोधलं, मामाजी. अजून नाही सापडलं. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर सांगा, मी वाद घालीन, पण ऐकीन.

बाकी माझं एक काम आहे तुमच्याकडं. तुमच्यातल्या जिच्या डोक्यात असं एखादं वाक्य अडकून बसलंय, आणि ते बोललं तर लोक काय म्हणतील म्हणून जी गप्प आहे, तिनं मला कॉमेंट करू नये. कॉमेंटमध्ये ते मावत नाही. मेडशीला यावं. फाट्यावर उतरून विहार कुठं विचारलं, की शेंबडं पोरही दाखवील, आमचं घर मागंच. तूर काढायला लागली की मी घरी सापडत नाही, म्हणून त्याच्या आत या. फोन करायची गरज नाही, भाकरी मी जास्तीच्याच टाकते. जेवायच्या वेळेलाच या बरं का. आणि लवकर या.